ब्लॉगचे लेख स्क्रिप्टने जमवायचे: फीड की स्क्रेपिंग?

आवडीचे मराठी ब्लॉग एका जागी जमवून निवांत वाचायचे म्हणून पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली, की लगेच प्रश्न पडतो. फीडपार्सर ही लायब्ररी लावून फीड (ब्लॉग प्रोग्रॅम्ससाठी देतो ती लेखांची ठरावीक साच्यातली यादी) वाचायची, की रिक्वेस्ट्सने पान उतरवून, ब्युटिफुलसूपने त्याचं एचटीएमएल चाळून पानच स्क्रेप करायचं, म्हणजे मजकूर त्यातून खरवडून काढायचा? मी दोन्ही वापरलंय, आणि दोन्हींत मजा आहे.

स्क्रेपिंगचा मोह समजण्यासारखा आहे. डोळ्यांना दिसतं ते सगळं हाती लागतं, अगदी बाजूच्या पट्टीतल्या दुव्यांसकट. फीडचं तसं नाही. ब्लॉगवाल्याने सेटिंगमध्ये फक्त सारांश द्यायचं ठरवलं असेल, तर तेवढ्यावरच भागवावं लागतं.

तरी मी फीडकडे वळलो, त्याला कारण थीम, म्हणजे ब्लॉगच्या पानांची मांडणी. माझ्या यादीतल्या ब्लॉगस्पॉटवरच्या एका ब्लॉगची थीम बदलली. माझी स्क्रिप्ट पहिल्या पानावर लेखाच्या मजकुराचा क्लास (एचटीएमएलमध्ये त्या भागाला दिलेलं नाव) शोधायची. नव्या थीममध्ये पहिल्या पानावर फक्त चित्रं आणि दोन-दोन ओळी उरल्या. स्क्रिप्ट मात्र रोज बिनतक्रार चालत होती. ब्युटिफुलसूपला काही सापडलं नाही तर तो रिकामी यादी देतो, आणि रिकाम्या यादीवरचं लूप गुपचूप संपतं. ना एरर, ना इशारा. रोज ‘नवीन लेख 0’ एवढंच. तिकडे तो माणूस उत्तम लिहीत होता आणि इकडे माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. स्क्रिप्ट कोसळली असती तर परवडलं असतं. ब्लॉगर या ब्लॉगस्पॉटमागच्या सेवेच्या डायनॅमिक व्ह्यूज थीममध्ये तर मजकूर जावास्क्रिप्टने मागाहून येतो, त्यामुळे रिक्वेस्ट्सच्या हाती नुसता सांगाडा लागतो. त्यासाठी खरा ब्राउझर चालवणारं सेलेनियम उभं करायचं म्हणजे छोटी स्क्रिप्ट छोटी राहत नाही.

फीडला थीमशी देणंघेणं नसतं. ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यापुढे ‘फीड्स/पोस्ट्स/डिफॉल्ट’ जोडलं की तोच साचा मिळतो: शीर्षक, तारीख, लेबलं, मजकूर. शिवाय प्रत्येक लेखाला कायमचा आयडी असतो. शीर्षक बदललं तरी तो बदलत नाही, त्यामुळे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तोच लेख दोनदा साठत नाही. ईटॅग (फीडच्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) जपून पुढच्या वेळी परत पाठवला आणि सर्व्हर तो मानत असेल, तर नवं काही नसताना 304, म्हणजे ‘बदल नाही’, असं उत्तर येतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही.

देवनागरीचाही प्रश्न आहेच. सर्व्हरने एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये मांडायची पद्धत) सांगितलं नाही तर रिक्वेस्ट्स एचटीएमएल पान आयएसओ-8859-1 या युरोपीय भाषांसाठीच्या एन्कोडिंगचं धरून वाचतं आणि मराठीचा पार चिखल होतो. ब्युटिफुलसूपला टेक्स्टऐवजी कच्चे बाइट्स दिले की बहुधा सुटतं, पण ते लक्षात ठेवावं लागतं. फीडपार्सर हे बव्हंशी स्वतःच निस्तरतो.

फीडच्या खोडीही आहेत. सेटिंग बदललं नसेल तर एका वेळी ब्लॉगर 25 आणि वर्डप्रेस 10 लेख देतं. जुने हवे असतील तर ब्लॉगरला ‘स्टार्ट-इंडेक्स’, वर्डप्रेसला ‘पेज्ड’ लावून मागे जावं लागतं. फीडपार्सर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतो, म्हणून पहाटे टाकलेला लेख आदल्या दिवसाचा दिसतो. साडेपाच तास मिळवा. आणि वाचायला टर्मिनलपेक्षा साधी एचटीएमएल फाइल बनवून ब्राउझरमध्ये उघडा, कारण बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं तुटतात.

ब्लॉग कुणी हाताने एचटीएमएल लिहून बांधला असेल आणि फीडच नसेल, तर स्क्रेपिंगला इलाज नाही. पण आधी पानाच्या सोर्समध्ये ‘अल्टरनेट’ असलेला दुवा शोधून पाहा; फीड बरेचदा तिथे असते. नसेलच, तर पहिल्या पानावरून एकही लेख हाती लागला नाही की स्क्रिप्ट एरर देऊन थांबेल, अशी एक ओळ तेवढी घाला.