जुना क्रॉलर घेतलाय. आधी पितळ की आधी मोटर?

१/१० मापाचा जुना रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी, हाती आला की पहिला खर्च कशावर, हा प्रश्न आम्हा धुळेकरांत दर वेळी निघतो. मी पितळेच्या, म्हणजे वजन वाढवणाऱ्या पितळी भागांच्या बाजूचा. कारण धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी कळतं. तिथल्या काळ्या दगडावर गाडी सहसा ताकद संपून थांबत नाही. पुढची चाकं उचलली जातात आणि ती मागे उलटते. पुढच्या ॲक्सलवर पितळी नकल (चाक वळतं तो सांधा) आणि डिफ कव्हर (ॲक्सलमधल्या गिअरांचं झाकण) बसवलं की वजन खाली, चाकांच्या पातळीला येतं. साधारण ६० टक्के भार पुढे हवा. घरच्या काट्यावर आधी पुढची, मग मागची चाकं ठेवून तो मोजा. न टेकलेली बाजू मात्र तेवढ्याच उंचीवर ठेवा. एक धोका आहे: पितळेमुळे स्टिअरिंग सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, ताण वाढतो. जुना सर्व्हो दगडात चाक वळवताना अडत असेल तर तो आधी बदला.

आता मोटर. सेन्सरवाली ब्रशलेस (घासणारे ब्रश नसलेली) मोटर अगदी संथ वेगातही धक्के न देता फिरते, ब्रश झिजण्याची कटकट नाही. पण तिला जुळणारा स्पीड कंट्रोलरही (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) घ्यावा लागतो, म्हणजे खर्च मोठा. जुनी ५५ टर्नची (तारेच्या ५५ वेढ्यांची) ब्रश मोटर चांगली चालत असेल तर ती राहू द्या.

मे महिन्यात मात्र मोटर कोणतीही असो, मधूनमधून थांबवून गार करा, आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उन्हात उभ्या कारमध्ये कधीच ठेवू नका.