एका महिन्यातल्या पाच कादंबऱ्या, काही महिन्यांनंतर

कादंबरी संपवल्याबरोबर तिच्याविषयी लिहायला बसले की शेवटच्या प्रकरणाचा अंमल मनावर असतो आणि अभिप्राय थोडा भरीला पडतो. म्हणून ऑगस्टमध्ये वाचलेल्या पाच कादंबऱ्यांविषयी मी तेव्हा मुद्दाम काही लिहिले नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955), वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959), उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (1971) ही ती पुस्तके. पाचही वाचताना आनंद झाला होता. मात्र आज, काही महिने उलटल्यावर, त्यांतले काय मनात उरले आहे याचा हिशेब बराच वेगळा लागतो.

सर्वांत अधिक उरल्या त्या ‘धग’ आणि ‘पाचोळा’, आणि त्या एकापाठोपाठ वाचल्या गेल्या हा योगायोग फार उपकारक ठरला. दोन्ही कादंबऱ्या शिंपी कुटुंबांच्या आहेत, दोन्हींत घर सावरण्यासाठी धडपडणारी बाई आहे. एक विदर्भातली, दुसरी मराठवाड्यातली. शेळक्यांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवले आहे आणि संवाद वऱ्हाडीत, त्यामुळे कौतिकच्या संसाराची पडझड आपण थोड्या अंतरावरून पाहतो. नवरा महादेव कर्तृत्वाने कमी, पुढे त्याला जडलेला महारोग, हाताशी येत नसलेली मुले, आणि या सगळ्याला पुरून उरू पाहणारी कौतिकची जिद्द. इतके दुःख एका घरावर रचताना लेखक कुठेही गळा काढत नाही, हा संयम मला त्या वेळी जाणवला होता त्याहून आज अधिक मोठा वाटतो. ‘पाचोळा’त मात्र निवेदनच गंगाराम शिंप्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडी आहे आणि तेही तिच्या बोलीत. तिला जे दिसते, जे ऐकू येते आणि ज्याची तिला धास्ती वाटते तेवढेच आपल्याला कळते. नवऱ्याचा हेका आणि मुलाचा हट्ट या दोहोंमध्ये सापडलेली ही बाई कोणालाच थांबवू शकत नाही, आणि तिच्या या असाहाय्यतेवर लेखकाला वेगळे भाष्य करावेच लागत नाही, कारण तिची वाक्येच ते काम करतात.

बोलीची सवय नसलेल्या वाचकाला दोन्हींची सुरुवातीची पाने अडखळत वाचावी लागतील, हे सांगितलेले बरे. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे ती पाने मोठ्याने वाचणे. डोळ्यांना अनोळखी वाटणारे शब्द कानाला बहुधा अर्थासह कळतात आणि एकदा लय सापडली की शब्दकोशाची आठवणही होत नाही.

पारबतीचा आवाज कानात असतानाच ‘ययाति’ हाती घेतली, आणि तो क्रम खांडेकरांवर अन्याय करणारा ठरला असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. 1974 मध्ये मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांमुळे मिळाला, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे, आणि वासनेच्या अतृप्तीचा विषय त्यांनी किती तळमळीने मांडला आहे हे पानोपानी दिसते. पण ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक योजूनही तिघांची भाषा एकाच साच्यातली आहे. उपमा, सुभाषितवजा वाक्ये, स्वतःशी चाललेले प्रश्नोत्तर तिघांकडेही सारखेच. वाचताना मी कितीतरी वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. आज त्यांतले एकही वाक्य कोणाचे होते ते पुस्तक न उघडता सांगता येत नाही. अपवाद शर्मिष्ठेचा, तिचे दासीपण तेवढे लक्षात राहिले.

‘बनगरवाडी’विषयी नवे सांगण्यासारखे थोडे आहे, कारण ती बहुतेकांनी वाचलेली असते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर, हळूहळू भरू लागलेली शाळा, गावाने उभी केलेली तालीम आणि मग दुष्काळाने ओस पडणारी वाडी, एवढाच तिचा ऐवज. दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जुंपून घेणारी शेकूची बायको मात्र या महिन्यांत वारंवार आठवली. माडगूळकर चित्रकारही होते, आणि थोडक्या रेषांत माणूस उभा करण्याची त्यांची रीत पाहता ते पटते.

‘रणांगण’मधली चक्रधर आणि हॅर्टा यांची प्रेमकहाणी, जिच्यासाठी ही कादंबरी ओळखली जाते, माझ्या मनात आता थोडी विरळ झाली आहे. टिकून राहिली ती बोट. हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू, घरी परतणारे हिंदी प्रवासी, त्यांच्यातले तुटक व्यवहार. मुंबईला चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावे लागणार हे ठाऊक असताना चाललेला प्रवास. ज्या वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी हे मराठीत लिहून प्रसिद्ध झाले होते, याचे मला अजूनही नवल वाटते. आकाराने ती लहान आहे, एका बैठकीत संपते. माझ्या मते तिला दोन बैठका द्याव्यात, म्हणजे बोटीवरच्या इतर माणसांकडेही लक्ष जाते.

वाचनालयातून आणून वाचायच्या असतील तर पाचही आणाव्यात. विकत घेऊन घरी ठेवायची एकच असेल तर ‘धग’ घ्यावी. ‘पाचोळा’ मी एका मैत्रिणीला दिली आहे आणि तिचा मुलगा ती वाचत असल्याचे कळल्यामुळे तूर्तास परत मागितलेली नाही.