जुन्या विमानाची किंमत काढताना : किंमत-मार्गदर्शिकेचा आठ महिन्यांचा अनुभव

पणजीत मूल्यांकनाचे काम करताना आजवर घरे, गाळे आणि यंत्रसामग्री यांच्याच किमती काढत आलो. गेल्या वर्षी लहान विमानांची कामे येऊ लागली, तेव्हा वापरलेल्या विमानांची एक अमेरिकी ऑनलाइन किंमत-मार्गदर्शिका वर्गणी भरून घेतली. आठ महिन्यांत सहा विमानांसाठी ती वापरली आणि माझे मत चांगले झाले आहे. पण ती नेमकी कोणत्या विमानाची किंमत सांगते, हे उमगायला पहिले दोन महिने गेले.

तिच्यातला आकडा सर्वसाधारण विमानाचा असतो : इंजिनाचे निम्मे आयुष्य शिल्लक, लॉगबुके (उड्डाणे व दुरुस्त्यांच्या नोंदवह्या) पूर्ण, अपघाताची नोंद नाही. समोरचे विमान त्यापासून किती दूर आहे, हे मोजण्यातच खरे काम आहे. सेस्ना १७२ एस या विमानाच्या लायकमिंग इंजिनाचा ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, करावा अशी उत्पादकाची शिफारस आहे. ओव्हरहॉलचा खर्च ३० लाख रुपये धरला तर तासाला १,५०० रुपये पडतात. इंजिन १,६०० तास चालले असेल, तर मध्यापुढच्या ६०० तासांचे ९ लाख वजा होतात. हे गणित मार्गदर्शिका क्षणात करते, पण १२ वर्षांची अट ती विचारातच घेत नाही. त्यामुळे कमी उडालेले विमान चांगले, हा समज तसाच राहतो. प्रत्यक्षात या इंजिनाचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असल्याने उभ्या विमानात तेल निथळून जाते आणि त्यावर गंज चढतो.

गोव्याच्या खाऱ्या हवेचा रकाना तर तिच्यात नाहीच. मिरामारला घराच्या ग्रिलांना सारखा रंग द्यावा लागणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. किनाऱ्याजवळ दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या एका सेस्नाच्या पंखाखाली रिव्हेटांभोवतीचा रंग फुगला होता. नखाने दाबताच पापुद्रा सुटला आणि आत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी दिसली. पत्रा किती खाल्ला गेला आहे, हे अभियंत्याकडून तपासून घेऊन वजावट मलाच ठरवावी लागली. शिवाय आकडे अमेरिकी बाजाराचे. व्हीटी नोंदणीच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या, लहान विमानांचे सौदे आपल्याकडे इतके थोडे होतात, की ताडून पाहायला दुसरा व्यवहार सहसा सापडत नाही.

त्याच विमानाच्या लॉगबुकाचा चार वर्षांचा एक खंड गहाळ होता, म्हणून मी मोठी वजावट धरली आणि मालक नाराज झाले. तीन आठवड्यांनी त्यांनी तो खंड शोधून आणला. त्यात विमान नाकाच्या चाकावर आपटून उतरल्याची आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) दुरुस्त केल्याची नोंद निघाली. गहाळ नोंदींची वजावट मी काढली, दुरुस्तीची धरली; किंमत जवळपास पूर्वीइतकीच आली आणि या वेळी मालकांनी अहवालावर सही केली.