मँडरिन की कँटोनीज: आधी कुठली शिकावी?

"चिनी शिकायचंय, पण नेमकी कुठली?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, बोलणार कुणाशी? चीनच्या ज्या भाषांना आपण सहज 'बोली' म्हणून मोकळे होतो, त्या वऱ्हाडी-मालवणीसारख्या नाहीत. नागपूरचा माणूस सावंतवाडीत थोडा अडखळेल, पण त्याचं काम अडणार नाही. पेइचिंगच्या (म्हणजे बीजिंगच्या) माणसाला मात्र हाँगकाँगच्या बाजारात शेजारच्या दोघींचं कँटोनीज बोलणं कळत नाही. शांघायची वू किंवा तैवानात ऐकू येणारी होक्किएन यांचंही तेच.

मँडरिनचं प्रमाण रूप, फूथोंगह्वा, पेइचिंगच्या उच्चारांवर बेतलेलं आहे. शाळा, सरकारी कारभार, परदेशी लोकांसाठीची एचएसके ही चिनीची परीक्षा, सगळं याच भाषेत. मराठी माणसाला तिचे उच्चार बरेचसे आयतेच मिळतात, ही गोष्ट मला वर्गात दर वेळी नव्याने आनंद देते. रोमन अक्षरांतल्या पिनयिनमध्ये 'बी' दिसला तरी उच्चार आपला 'प', आणि 'पी' दिसला की 'फळा'तला 'फ'. इंग्रजीच्या वळणाने वाचणारे इथे महिनोन्‌महिने चुकतात. आपण प-फ, त-थ, क-ख मनात धरले की झालं. 'झेड' म्हणजे 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. त्यांचं चिनी नाव आपण 'के दिहुआ' असं वाचतो, पण खरा उच्चार 'ख तीह्वा'च्या जवळ जातो.

अवघड जातात ते सूर. मँडरिनमध्ये ते चार, शिवाय एक हलका. 'माय' खाली दाबून म्हटलं तर विकत घेणं, वरून झटक्यात खाली आणलं तर विकणं. व्यापाऱ्याने ही एक जोडी तरी घोटून घ्यावीच.

कँटोनीजमध्ये सूर सहा. शब्दाच्या शेवटी प, त, क येतात, पण ते अर्धवट राहतात: दहा म्हणजे 'सप्', ओठ मिटायचे आणि मिटलेलेच ठेवायचे. 'मी' म्हणजे 'ङो'. लहानपणी वर्णमालेत घोकलेला ङ इथे थेट शब्दाच्या सुरुवातीला येतो. तरी कँटोनीज सगळीकडेच अवघड आहे असं नाही. मँडरिनमध्ये चौदा 'श्र-स' आणि चाळीस 'स-श्र'. दक्षिणेकडचे बरेच लोक 'श'चा 'स' करतात, मग फरक उरतो फक्त सुराचा. कँटोनीजमध्ये 'सप्-सेय' आणि 'सेय-सप्', घोटाळ्याला जागाच नाही.

खरी मेख लिखाणात आहे. "लिपी एकच, म्हणजे एक शिकलं की दुसरं वाचता येतं" हे अर्धसत्य आहे. 'तो नाही' हे हाँगकाँगचा माणूस 'खोय म् हाय' असं बोलतो, पण पुस्तकात प्रमाण चिनीच लिहितो आणि तीच चिन्हं कँटोनीज उच्चारात 'था पत् सी' अशी वाचतो. मँडरिनवाला तेच 'था पू श्र' वाचेल. म्हणजे कँटोनीज शिकणाऱ्याला बोलण्याची एक आणि लिहिण्याची एक, अशी दोन वाक्यं पाठ करावी लागतात. शिवाय हाँगकाँगला जुनी, जास्त रेघांची चिन्हं चालतात, मुख्य भूमीवर सोपी केलेली. पुस्तकं आणि शिक्षकही मँडरिनचेच भरपूर मिळतात.

म्हणून यीवूच्या घाऊक बाजारातून माल आणायचा असेल, वैद्यकीय शिक्षणाला जायचं असेल किंवा दुभाष्याचं काम हवं असेल, तर मँडरिनच घ्या. ग्वांगचौच्या व्यापारमेळ्यालाही तीच पुरते. शेन्चेन कँटोनीजच्या मुलखात असलं तरी शहर बाहेरून आलेल्यांचं, त्यामुळे तिथे रस्त्यावर मँडरिनच चालते.

पण नोकरीने किंवा लग्नाने हाँगकाँगला घर होणार असेल, तर "आधी मँडरिन, मग बघू" हा सल्ला ऐकू नका. तो मला साफ चुकीचा वाटतो. सासूबाई, भाजीवाली, मुलाच्या शाळेतल्या इतर आया, सगळ्या कँटोनीज बोलतात. दोन वर्षं मँडरिनमध्ये घालवून त्यांच्यात गप्प बसण्यापेक्षा सरळ कँटोनीज धरा. उच्चारांसाठी 1993 साली हाँगकाँगमध्येच तयार झालेली ज्युतपिंग पद्धत वापरा आणि पहिले तीन महिने चिन्हांच्या मागे न लागता फक्त कान आणि तोंड तयार करा.