ग्रनाडात फूड वॉकचे पैसे भरण्याआधी हे वाचा

स्पेनला जाणारी आपली मंडळी बार्सिलोना, माद्रिद करून ग्रनाडाला जातातच, अल्हाम्ब्रा हा मुस्लिम राजवटीतला राजवाडा बघायला. तिथं संध्याकाळच्या 'फूड वॉक'साठी आमच्याकडून माणशी ७९ युरो घेतले गेले, म्हणजे तिघांचे मिळून वीस हजार रुपयांच्या वर. पण पैसा ही दुय्यम गोष्ट. जन्मभर मांस-मासे न शिवलेल्या माझ्या सासूबाईंना 'शाकाहारी' सांगून डुकराची चरबी खाऊ घातली गेली. ते मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे मिस्टर आणि सासूबाई असे गेलो होतो. बुकिंग पुण्यातूनच केलं होतं. जाहिरातीत भरपूर होतं: जास्तीत जास्त आठ जणांचा गट, अधिकृत गाइड, जुन्या बाजाराची सफर, चार बार, दहा पदार्थ, ओकची फळं खाऊन वाढलेल्या इबेरिको डुकराचा उंची हॅम, मठातल्या नन बनवतात ती मिठाई. आम्ही दोघं सगळं खातो. सासूबाईंसाठी मी आधी मेल करून विचारलं, मांस, मासे, अंडी काहीही चालत नाही, जमेल का? 'हो, पूर्ण शाकाहारी पर्याय आहे, दर तोच' असं लेखी उत्तर आलं. ते उत्तर मी जपून ठेवलं आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

कॅथेड्रलजवळ ठरल्या जागी पोचलो तर वीसेक माणसं जमलेली. गाइडच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. विचारल्यावर घरी राहिलं म्हणाला. ग्रनाडा ज्या आंदालुसिया प्रांतात येतं तिथं अधिकृत गाइडला प्रांतिक सरकारचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागण्यात काही गैर नाही. तिथंच कॅथेड्रलच्या आसपास बायका रोजमेरीची काडी हातात कोंबतात, हात बघतात आणि मग पैशांसाठी मागे लागतात. गटातली एक वयस्कर बाई त्यात अडकली, आणि गाइड बाजूला मोबाइल बघत उभा होता.

बाजाराची सफर म्हणजे बंद शटरांमधून एक फेरी. मासळी-भाजीचे गाळे तिथं दुपारीच आवरतात, संध्याकाळची वेळ ठेवणाऱ्याला हे माहीत असणारच. मग आम्ही आल्काइसेरियात गेलो. ही मुस्लिम राजवटीतली रेशमाची पेठ. 'ही दुकानं सहाशे वर्षांपूर्वीची आहेत' असं तो ठासून सांगत होता. मूळची पेठ १८४३ च्या आगीत जळाली आणि आज दिसते ती नंतर बांधलेली आहे. जवळच कोराल देल कार्बोन आहे, चौदाव्या शतकातली व्यापाऱ्यांची वखार-धर्मशाळा, घोड्याच्या नालेसारखी सुंदर कमान असलेली. त्याच्यासमोरून आम्हाला नुसतं चालवत नेलं.

आल्काइसेरियातल्या एका दुकानात मात्र भरपूर वेळ होता. तिथं गाइडने प्रत्येकाच्या हातात केशराची डबी दिली, 'ला मांचाचं अस्सल, फक्त आमच्या पाहुण्यांना या भावात.' सासूबाई मूळच्या सोलापूरकडच्या. त्यांनी डबी उघडली, दोन काड्या बोटांत चोळल्या, वास घेतला आणि मला म्हणाल्या, "अगं, ही करडई आहे. पाकळ्या बघ ना." खरंच, करडईच्या वाळवलेल्या पाकळ्या होत्या. केशराची काडी एका टोकाला रुंद होत जाते, तिचा रंग पाण्यात हळूहळू उतरतो आणि काडी तरीही लालच राहते. ला मांचा या स्पेनमधल्या प्रदेशाचं प्रमाणित केशर सुटं मिळत नाही, सीलबंद पाकिटावर क्रमांक असलेलं लेबल असतं. आम्ही घेतलं नाही. गटातल्या बऱ्याच जणांनी घेतलं. गाइडला त्यातलं कमिशन मिळत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता बार. पहिल्या तीन ठिकाणी पेय आलं आणि सोबत एकेक छोटी बशी: तेलात मुरलेले बटाटे, पावावर टोमॅटो आणि हॅमची पातळ चकती, तळलेली छोटी मासळी. गाइड प्रत्येक बशीला 'टेस्टिंग' म्हणत मोजत होता. सासूबाईंसमोर ऑलिव्ह आणि पाव. एकदा ब्रॉड बीन्सची भाजी आली, तीत हॅमचे बारीक तुकडे. मी दाखवलं तर 'यात मांस नाही, नुसता चवीपुरता हॅम आहे' असं उत्तर! तिकडे अनेकांना हे खरोखरच वेगळं वाटतं, हे मी नंतर ऐकलं. पण शाकाहारी जेवणाचे पैसे घेणाऱ्याला ही सबब चालणार नाही.

चौथ्या ठिकाणी कचकड्याच्या तबकात कागदात गुंडाळलेले भुसभुशीत लाडवासारखे मान्तेकादो आले. हीच मठातली मिठाई, पीठ, साखर, बदाम, दालचिनी, 'मॅडमसाठी अगदी शाकाहारी'. सासूबाई दिवसभराच्या उपाशी. त्यांनी दोन खाल्ले, छान आहे म्हणाल्या आणि एक पर्समध्ये ठेवला.

माझी भाची ग्रनाडा विद्यापीठात शिकते. दुसऱ्या दिवशी ती भेटायला आली तेव्हा सासूबाईंनी तो मान्तेकादो कौतुकाने तिच्यापुढे धरला. तिने कागद उलटा करून घटक वाचले आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, यात मान्तेका दे सेर्दो आहे. डुकराची चरबी." मान्तेकादो पारंपरिक पद्धतीने चरबीतच करतात, तिकडच्या कुणालाही हे माहीत असतं. आणि तो कागद एका कारखान्याचा होता, मठाचा त्यात काही संबंध नव्हता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पाणी सोडून काही घेतलं नाही त्यांनी. पंच्याहत्तरीच्या बाईचा नेम असा मोडायचा अधिकार कुणी दिला यांना?

भाची आम्हाला आदल्या रात्रीच्या बारमध्ये घेऊन गेली. तिने मोस्तो मागवला, म्हणजे द्राक्षाचा रस, दारू नसलेला. सोबत तीच बशी आली, तेच बटाटे. बिल फक्त रसाचं, तीन युरोच्या आत. ग्रनाडात बहुतेक बारमध्ये पेय घेतलं की खाण्याची बशी (तिला 'तापा' म्हणतात, अनेकवचन 'तापास') सोबत येते, तिचे वेगळे पैसे नसतात. आंदालुसियातल्याच हाएन, आल्मेरिया या शहरांतही ही रीत आहे. सेव्हिल-मालागात मात्र तापास बहुधा विकत घ्यावे लागतात. दारूच घ्यायला हवी असंही नाही. दुसऱ्या पेयाबरोबर बहुधा दुसरा पदार्थ येतो. भाचीने वेटरला विचारलं, तर त्याने मोकळेपणाने सांगितलं की त्या कंपनीच्या गटाचं बिल नेहमी पेयांचंच असतं. म्हणजे दहा पदार्थांची यादी दाखवून जे विकलं ते शहर सगळ्यांनाच देतं.

हॅमचंही तसंच. स्टँडवर लावलेल्या इबेरिको हॅमच्या, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या अख्ख्या तंगडीच्या, खुराजवळ प्लॅस्टिकची पट्टी असते. २०१४ पासून तिचे रंग कायद्याने ठरलेले आहेत: काळी म्हणजे शुद्ध इबेरिको जात आणि ओकची फळं खाल्लेलं डुक्कर, लाल म्हणजे तीच फळं पण मिश्र जात, हिरवी म्हणजे रानात चरवून वर खाद्यही दिलेलं, पांढरी म्हणजे बंदिस्त जागेत खाद्यावर पोसलेलं. आमचा हॅम ज्या तंगडीवरून कापला तिची पट्टी पांढरी होती. मिस्टरांनी हौसेने काढलेल्या फोटोत ती स्वच्छ दिसते.

चांगल्या फूड वॉक ग्रनाडात नसतील असं मी म्हणत नाही. पण पैसे भरण्याआधी बारची नावं आणि पदार्थांची यादी लेखी मागा. देत नसतील तर सोडा. वेबसाइटच्या तळाशी 'आविसो लेगाल' हे पान उघडून बघा. स्पेनमध्ये वेबसाइटवर धंदा करणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि कर-क्रमांक देणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या कंपनीचा नुसता व्हॉट्सॲप नंबर होता, त्यामुळे तक्रार कुणाच्या नावे करायची हाच प्रश्न पडला. दुकान किंवा हॉटेल समोर असेल तर 'ओहा दे रेक्लामासियोनेस' मागा. हा सरकारी तक्रार-अर्ज ठेवणं आणि तो असल्याची पाटी लावणं त्यांना सक्तीचं आहे. देत नसतील तर स्थानिक पोलिसांचा नंबर ०९२.

शेवटी आम्ही क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे गेलो. मेलमधलं लेखी आश्वासन, मान्तेकादोच्या कागदाचा फोटो आणि पांढऱ्या पट्टीचा फोटो जोडला. सासूबाईंचे ७९ युरो परत आले. आमच्या दोघांचे नाकारले, 'सेवा घेतली आहे' म्हणून. त्यावर फेरविचाराचा अर्ज केला आहे.

ज्यांच्या घरातलं कुणी शाकाहारी माणूस तिकडे जाणार असेल त्यांनी भाचीने लिहून दिलेलं हे वाक्य मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी वाचून दाखवा: "नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी मान्तेका दे सेर्दो." मांस, हॅम, मासे, डुकराची चरबी, काहीही खात नाही. अंडीही चालत नसतील तर पुढे "नी उएव्होस" जोडा.