विगमोर हॉलची सोमवारची मैफल की ‘सेंट पॉल संडे’?

चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी, बहुधा वाद्यवृंद-संचालकाविना (कंडक्टरविना), एकमेकांच्या नजरेवर वाजवलेलं संगीत. ते दर आठवड्याला रेडिओवर ऐकवण्याच्या दोन रीती मला मोलाच्या वाटतात.

पहिली लंडनची. १९०१ साली सुरू झालेल्या विगमोर हॉलमधली सोमवारची दुपारी एकची मैफल बीबीसी रेडिओ ३ थेट ऐकवतं. भारतात तेव्हा हिवाळ्यात साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. सभागृहात जेमतेम साडेपाचशे खुर्च्या, त्यामुळे चौघांच्या वादनात व्हायोलाचा, म्हणजे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या तंतुवाद्याचा, मधला आवाजही हरवत नाही. चुकलं तर पुन्हा वाजवायची सोय नाही. गज तारेवर टेकण्याआधीचा श्वास ऐकू येतो आणि आपणही सावरून बसतो. कोविडच्या टाळेबंदीत बंद पडल्यावर जून २०२० मध्ये स्टीव्हन हफ यांच्या पियानोवादनाने इथल्या मैफली पुन्हा सुरू झाल्या, त्याही रिकाम्या सभागृहातून. टाळ्या नव्हत्या, पण तो ताण तसाच होता.

दुसरी अमेरिकेतली. मिनेसोटा पब्लिक रेडिओचा ‘सेंट पॉल संडे’ १९८० ते २००७ चालला. वादन स्टुडिओतलं, आणि मधूनमधून बिल मॅकग्लॉफ्लिन कलाकारांशी बोलत. ते स्वतः ट्रॉम्बोनवादक आणि संचालक, म्हणून प्रश्न वादकाच्या अंगाने येत.

नवख्या श्रोत्याने दुसऱ्या रीतीने सुरुवात करावी. रचना कशी उभी राहते ते बोलण्यातून कळतं. माझी पसंती मात्र विगमोरलाच. बेथोव्हेनची उत्तरकाळातली क्वार्टेट्स, म्हणजे चौघा वादकांसाठीच्या रचना, ऐकताना मध्ये कुणी बोललेलं मला चालत नाही.