अर्काइव्ह आणि एडीएस: नऊ महिने रोज वापरल्यावर

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. संशोधन हे माझं क्षेत्र नव्हे. एमएस्सी झाल्यापासून हातात राहिली ती पाठ्यपुस्तकं आणि तपासायला आलेली प्रॅक्टिकलची जर्नलं. तरीही गेले नऊ महिने अर्काइव्ह आणि एडीएस या दोन फुकट संकेतस्थळांवर खगोलभौतिकीचे शोधनिबंध मी जवळजवळ रोज सकाळी उघडते आहे. माझ्यासारख्या शिक्षकांना आणि बीएस्सीच्या पोरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. आमच्या गावचा माणूस, १९ जुलै १९३८ चा कोल्हापूरचा जन्म. कॉलेज उघडल्यावर पहिल्या तासाला त्यांच्यावर बोलायचं मी ठरवलं. तयारीला बसले आणि लक्षात आलं, की त्यांच्या विज्ञानकथा वाचल्यात, लेख वाचलेत, पण ज्या कामामुळे जगातले शास्त्रज्ञ त्यांना ओळखत होते त्यातला एकही मूळ शोधनिबंध मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री शोधायला बसले.

शोधताना मनात जुनी धास्ती होती. पंधराएक वर्षांपूर्वी मला एक आठ पानांचा पेपर हवा होता, तेव्हा एका परदेशी प्रकाशकाने त्या एका पेपरचे तीस डॉलर मागितले होते. तेव्हाचे जवळपास चौदाशे रुपये. मी तो नाद सोडला आणि अशा गोष्टी आपल्यासाठी नसतात अशी समजूत करून घेतली. ती समजूत चुकीची होती, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

त्या रात्री मला एडीएस सापडलं. एडीएस म्हणजे अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम. खगोलशास्त्राचे शोधनिबंध शोधून वाचायचं हे संकेतस्थळ नासाच्या पैशावर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेची वेधशाळा चालवते. नारळीकरांचं नाव आणि वर्ष टाकलं आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबतचा १९६१ चा पेपर समोर आला. रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी विश्व सर्व काळी सारखंच असतं असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्तावर जो हल्ला चढवला होता, त्याला दिलेलं हे उत्तर. छापील पानांची स्कॅन केलेली चित्रं, किंचित पिवळट, एका अक्षराची शाई फुटलेली. बावीस-तेवीस वर्षांचा कोल्हापूरचा मुलगा, आणि 'मंथली नोटिसेस' या ब्रिटिश खगोलशास्त्रीय नियतकालिकाच्या पानावर त्याचं नाव. लॉगिन नाही, पैसे नाहीत. मी ते पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसले होते.

वर्गात ते पान पडद्यावर दाखवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे खरंच फुकट हाय? आमास्नी पण?" तुम्हाला पण, म्हटलं.

एडीएसमध्ये प्रत्येक पेपरला १९ अक्षरांचा एक क्रमांक असतो. आधी वर्ष, मग नियतकालिकाचं छोटं नाव, खंड, पान आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. एकदा ही रचना कळली की क्रमांक बघूनच पेपर कुठला ते ओळखू येतं. पण मला सगळ्यात उपयोगी पडते ती तिथली उद्धरणांची यादी. एखादा पेपर उघडायचा आणि त्यानंतर कुणी कुणी त्याचा आधार घेतला, कुणी विरोध केला, हे वर्षावार बघायचं. पाठ्यपुस्तकात सिद्धान्त एकदम तयार होऊन येतो, इथे त्याचं भांडण दिसतं.

सगळ्यात चांगला तास झाला तो चंद्रशेखरांच्या पेपरवर. श्वेत बटू तारा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, त्याच्या कमाल वस्तुमानाचा १९३१ सालचा हा पेपर जेमतेम दोन पानांचा आहे. खाली पत्ता ट्रिनिटी कॉलेज, केंब्रिज. नोव्हेंबर १९३० ची तारीख, म्हणजे तेव्हा ते वीस वर्षांचे. पोरांना सांगितलं, पुस्तकातली चंद्रशेखर मर्यादा या पानावर शोधा. पुस्तकात आहे सूर्याच्या १.४४ पट. पानावर सापडले ०.९१. वर्गात गलका झाला. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, उत्तर चुकलंय की ह्यांचं!"

चुकलं नव्हतं. त्या वेळी ताऱ्यातल्या द्रव्याचा सरासरी रेणुभार त्यांनी २.५ धरला होता. आज आपल्याला माहीत आहे की श्वेत बटूत हायड्रोजन जवळजवळ नसतोच, म्हणून तो २ धरायचा. आणि मर्यादा या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मी एवढंच सांगितलं आणि खडू त्याच मुलीच्या हातात दिला. २.५ भागिले २, त्याचा वर्ग १.५६, गुणिले ०.९१. उत्तर १.४२. दोन पानांच्या त्या कागदापासून आजच्या पुस्तकापर्यंतचं अंतर तिने फळ्यावर तीन ओळींत कापलं. शिकवायला लागल्यापासून असे तास मला बोटांवर मोजण्याइतकेच मिळालेत.

आता अर्काइव्ह. नव्या संशोधनासाठी खरं ठिकाण हेच. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अ‍ॅलामॉसमध्ये सुरू केलं, २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात गेलं. खगोलभौतिकीचा विभाग १९९२ पासूनचा, त्याचे आता सहा पोटविभाग आहेत. संशोधक आपला पेपर नियतकालिकाकडे पाठवताना, किंवा स्वीकारला गेल्यावर, इथेही ठेवतात. त्यामुळे नियतकालिकाला कुलूप असलं तरी पेपर बहुतेक वेळा इथे मिळतोच. या क्षेत्रात ही प्रथा इतकी रुजली आहे की न सापडलेले पेपर माझ्या वाट्याला फार थोडे आले.

नवी यादी आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला लागते. नोव्हेंबरात अमेरिकेतलं घड्याळ मागे गेलं आणि ती साडेसहाला यायला लागली. पहिले दोन दिवस मला वाटलं काहीतरी बिघडलंय. गॅसवर चहा ठेवायचा आणि शीर्षकं वाचत सुटायचं. सुरुवातीला मी सगळी यादी वाचायचा हट्ट धरला होता. रोजचे पन्नासच्या वर पेपर, आठवड्यात दमले. आता सूर्य-तारे आणि ग्रह हे दोनच पोटविभाग बघते. त्यातलेही दोन-तीन सारांश नीट वाचते आणि आठवड्यातून एकच पेपर शेवटपर्यंत. आधी सारांश, मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग निष्कर्ष. मधली गणितं शेवटी, जमली तर. २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच नव्या पेपरांची एचटीएमएल आवृत्तीही मिळते. फोनवर वाचणाऱ्याने तीच उघडावी. दोन रकान्यांची पीडीएफ फोनवर बोटांनी ताणत वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

इथे एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी. अर्काइव्हवर पेपर आला म्हणजे तो तपासून पास झाला असं नाही. तिथे वरवरची चाळणी होते, तज्ज्ञांकडून कसून समीक्षा होत नाही. सारांशाखाली टिप्पणीची एक ओळ असते, ती वाचायची सवय लावावी. 'स्वीकारला गेला' लिहिलंय की नुसतं 'पाठवला आहे'? आवृत्ती पहिली आहे की तिसरी? जुन्या आवृत्त्या काढून टाकत नाहीत, त्यामुळे लेखकाने काय सुधारलं ते शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

याचा धडा मिळाला तो के२-१८बी या ग्रहामुळे. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली होती, १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडली. जूनमध्ये वर्ग सुरू झाले तरी पोरांच्या तोंडी तेच, "मॅडम, परग्रहावर जीव घावला म्हणं!" मूळ पेपर काढला. तो ज्या नियतकालिकात आला ते २०२२ पासून पूर्ण खुलं आहे. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात डायमिथाइल सल्फाइड (पृथ्वीवर हा रेणू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात) किंवा त्याच्या जवळच्या दुसऱ्या रेणूची खूण, आणि खात्रीची पातळी तीन सिग्मा. म्हणजे हा नुसता योगायोग असण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. शोध लागला असं म्हणायला या क्षेत्रात पाच सिग्मा मागतात. लेखकांनीही आणखी निरीक्षणं हवीत असं स्पष्ट म्हटलं होतं. बातम्यांत ते वाक्य आलं नाही. आणि अर्काइव्हवर आठवडाभरात दुसऱ्या संशोधकाचा छोटासा पेपर होता: तोच डेटा साध्या पद्धतीने तपासला तर सपाट रेषेपेक्षा, म्हणजे कुठल्याच रेणूची खूण नसण्यापेक्षा, वेगळं ठामपणे काही दिसत नाही. पाठोपाठ आणखी दोन गटांनी तशाच शंका घेतल्या.

दावा, डेटा आणि प्रतिवाद, तिन्ही गोष्टी कोल्हापुरातल्या पोरांना एका बाकावर बसून मिळाल्या. बातमीच्या कात्रणाने हे कधीच झालं नसतं. जुलैत ३आय/अ‍ॅटलस हा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा आंतरतारकीय पाहुणा, एक धूमकेतू, सापडला आणि फोनवर 'परग्रहावरचं यान' असे संदेश फिरू लागले, तेव्हा मला काहीच सांगावं लागलं नाही. पोरांनीच पेपर काढला, कक्षेची विकेंद्रता सहाच्या आसपास, म्हणजे एकपेक्षा खूप जास्त आहे, म्हणून तो सूर्याला बांधलेला नाही, एवढं स्वतः वाचलं. बाहेर तर पाऊस आणि पंचगंगेचं पाणी. आकाश दिसायचा प्रश्नच नव्हता.

खटकलेल्या गोष्टीही लिहायला हव्यात. वाचकाला फुकट म्हणजे सगळंच फुकट, असं नाही. 'मंथली नोटिसेस' जानेवारी २०२४ पासून पूर्ण खुलं झालं, पण आता लेखकाकडून दोन हजार पौंडांहून अधिक शुल्क मागतं. मोठ्या संस्थांचे करार असतात, सवलती असतात. पण लहान कॉलेजात पदरमोड करून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. वाचकासमोरची भिंत काढून ती लेखकासमोर उभी केली, तर मला ते मान्य नाही. म्हणून 'ओपन जर्नल ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स'ची रीत मला मनापासून पटते. पेपर अर्काइव्हवर ठेवायचा, नियतकालिक फक्त समीक्षा करून घेतं आणि स्वीकारला की शिक्का देतं. वाचकाला शुल्क नाही, लेखकालाही नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभव माझ्या एका सहकाऱ्याला आला. 'खुलं आंतरराष्ट्रीय नियतकालिक' म्हणून मेल आली, दोन दिवसांत पेपर स्वीकारला, काही हजार रुपये घेतले, एकाही तज्ज्ञाचा एकही प्रश्न नाही. वर्षभराने ते संकेतस्थळच गायब. त्यांचं वर्षभराचं काम कुठेच उरलं नाही. कुठे पाठवायचं असेल तर आधी एडीएसमध्ये त्या नियतकालिकाचं नाव शोधावं आणि तिथले पेपर कोण वाचतं, कोण उद्धृत करतं ते बघावं.

जानेवारी २०२५ पासून सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे. तीन वर्षांना ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची हजारो नियतकालिकं. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. विद्यापीठात सोय झाली, चांगलंच झालं. आमच्यासारख्या कनिष्ठ महाविद्यालयाला मात्र खुलं असेल तेवढंच.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. वाचायला खुलं म्हणजे वापरायला खुलं नव्हे. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी पोरांनी एका पेपरमधला आलेख मोठा करून मराठी मथळ्यासह चिकटवायचं ठरवलं. मी परवाना उघडून बघितला. त्या लेखकांनी अर्काइव्हला फक्त वितरणाचा हक्क दिला होता. काही पेपरांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' परवाना असतो, तिथे श्रेय देऊन आकृती घेता येते, भाषांतरही करता येतं. इथे तसं नव्हतं. पेपरवर दिलेल्या पत्त्यावर मुलांनीच पाच ओळींची मेल लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: जरूर वापरा, आणि सोबत छपाईला चालेल अशी मोठी आकृती. शेवटी विचारलं होतं, मराठीतलं पत्रक झालं की फोटो पाठवाल का? फोटो पाठवला. आता परवाना बघणं हे काम वर्गातल्या एकाकडे कायमचं दिलंय.

भाषेची अडचण राहतेच. पेपरची इंग्रजी अवघड नसते, पण प्रत्येक ओळीत दोन-दोन संक्षेप. यासाठी आम्ही एक दोनशेपानी वही घातली आहे. डावीकडे पेपरमधला शब्द, उजवीकडे मराठी. ट्रान्झिटला अधिक्रमण, ऑकल्टेशनला पिधान, हे जुने चांगले शब्द पोरांना आवडले. काही शब्दांवर अजून वाद चालू आहे. 'प्रीप्रिंट' म्हणजे समीक्षेआधीच सगळ्यांसमोर ठेवलेला पेपर, त्याच्या समोरची जागा सप्टेंबरपासून मोकळी आहे. एकाने पेन्सिलीने 'कच्ची प्रत' लिहिलंय, आणि त्याच्या खाली फळ्यावर गणित सोडवणाऱ्या त्याच मुलीने: 'कच्ची कशी? पुढे ठेवून टीका मागायला धाडस लागतं. दुसरा शब्द शोधा.'